फरक शून्य

प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर सिस्टर एस्तेर साळवे यांच्या नाकातल्या पेशी हिरव्या उजळल्या होत्या. आरोग्य खात्यातून आलेले डॉ. नाडगौडा त्यांच्याकडे, आहेरात आलेली साडी पाहावी तसे, कौतुकाने पण किंमत जोखत पाहत होते.

"ही दोन्ही चित्रं एकाच बाईंची?" त्यांनी विचारलं.

"एकाच. डावीकडचं औषधाआधीचं, उजवीकडचं औषधानंतरचं," इर्शाद मुजावर म्हणाला. सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम त्याच्याकडे होतं आणि चांगलं चित्र निघालं की त्याला ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नसे.

डावीकडच्या पेशींची कड काळी होती आणि मधोमध हिरवा गोळा साचला होता. उजवीकडे मधला भाग रिकामा आणि कड बांगडीसारखी हिरवीगार. एवढा फरक कुणालाही दिसला असता. पण नाडगौडांना तो नीट समजून घ्यायचा होता, कारण मुंबईला जाऊन तो मंत्र्यांच्या गळी उतरवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडणार होतं.

"सांगा मॅडम," इर्शाद म्हणाला.

डॉ. केतकी मगदूम खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मिरजेतल्या या छोट्या जीवविज्ञान संस्थेची ती प्रमुख. पडद्यावरचं औषध तिच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांचं फळ होतं आणि त्याच्याबद्दल एक शब्दही बोलायचा तिला आज कंटाळा आला होता. तरी ती बोलायला लागली. कंटाळा आला म्हणून काम टाकायचं असतं, ही गोष्ट तिला कुणी शिकवलीच नव्हती.

"पेशीच्या भिंतीवर ग्राही असतात, डॉक्टर. बाहेरून आलेला निरोप ते आत पोचवतात. दाराची घंटा म्हणा. आम्ही ज्या ग्राहीवर काम करतो त्याला आम्ही मायाग्राही म्हणतो. समोरचं माणूस कण्हलं की आपल्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक पाझरतं, ते या ग्राहीवर येऊन बसतं, ग्राही आत निरोप देतो, आणि आपण उठून त्या माणसाला पाणी देतो."

"आणि घंटा सारखीच वाजत राहिली तर?"

"तर घरातलं कुणीतरी वैतागून ती काढून ठेवतं. पेशीतही तसं एक प्रथिन असतं. त्याला आम्ही शमक नाव दिलंय. ग्राही फार वेळ चालू राहिला की शमक त्याला येऊन चिकटतं, निरोप तोडतं आणि आख्खा ग्राही भिंतीवरून उचलून पेशीच्या पोटात नेऊन टाकतं. डावीकडे मधोमध गोळा दिसतोय ना, ते सगळे असे आत नेलेले ग्राही. बाहेर संप्रेरक येऊन उभं आहे, पण दाराला घंटाच नाही."

"दम्याच्या पंपाचंही असंच होतं," नाडगौडा म्हणाले. ते मूळचे छातीचे डॉक्टर होते. "रोज मारला की कमी लागू पडतो."

"त्याच घराण्यातली प्रथिनं. मॉर्फिनचा डोस वाढवत न्यावा लागतो, त्यातही त्यांचा हात असतो. आपण ज्याला सवय म्हणतो, त्यातली बरीचशी ही शमकांची करणी."

"आणि तुमचे थेंब या शमकाचे हात बांधतात."

"शमकरोधक आहे ते. नाकात टाकायचं. तिथून मेंदूपर्यंत जातं. मेंदूच्या पेशी काही कुणाच्या काढून बघता येत नाहीत, पण नाकाच्या वरच्या टोकाला वासाच्या चेतापेशी असतात, त्या मेंदूच्या सख्ख्या शेजारणी. काडीने खरवडून मिळतात."

नाडगौडांनी चष्मा पुसला. गेल्या काही वर्षांत राज्यात म्हातारी माणसं फार झाली होती आणि त्यांची मुलं फार लांब गेली होती. गावोगाव आधारगृहं निघाली, पण तिथे काम करणाऱ्यांचं काळीज वर्षा-दोन वर्षांत दगड व्हायचं. तक्रारींचा पाऊस पडत होता. दयेला झीज लागू न देणारं औषध निघालंय म्हटल्यावर मंत्र्यांना ते उद्याच हवं होतं.

"सगळ्यांना लागू पडलं?"

"दर तिघींमागे दोघींना. तिसरीला नाही," इर्शाद म्हणाला. "तिसरीचा फरक शून्य."

"का?"

"थेंब नीट टाकले नसतील. सर्दी असेल. नाकातलं औषध म्हटल्यावर निम्मं तर घशातच जातं."

या फरकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती या प्रयोगशाळेची खास रीत होती. पेशींवर चढणारा हिरवा रंग रोज सारखा चढत नाही. आज गडद, उद्या फिका. त्यामुळे कुणाच्या चित्रात किती हिरवं आहे हा आकडा फसवा. म्हणून एका माणसाचा आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच वेळी रंगवायचा, यंत्राने वजाबाकी करायची आणि आलेला फरक तेवढा नोंदवायचा, असा नियम केतकीने घालून दिला होता आणि नवीन आलेल्या पोरांना तो ओरडून ओरडून पाठ करायला लावला होता. फरक आला तर चित्र उघडायचं. शून्य आला तर बघायचं काय? शून्याची चित्रं इथे कुणी उघडत नसे.

नाडगौडा खूश होऊन गेले. ते गेले आणि पंधरा मिनिटांत खुद्द सिस्टर एस्तेर दारात उभी राहिली. हातात औषधाची अर्धी कुपी.

"मॅडम, हे घ्या परत. मला नकोत हे थेंब."

"काय त्रास होतोय?"

"त्रास म्हणजे तसा काही नाही बघा." ती बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आमच्या वॉर्डात पहिल्या खाटेवर एक आजी आहेत. सकाळी गेले की आधी त्यांच्याकडे जाते. त्यांचं अंग पुसते, वेणी घालते. त्या माझा हात धरतात. आणि मॅडम, मला तिथून उठवतच नाही. आधी काय व्हायचं, पाच मिनिटं वाईट वाटायचं, मग आपोआप पुढच्या खाटेकडे पाय वळायचे. आता वाईट वाटणं संपतच नाही. तशीच बसून राहते."

"आणि बाकीचे पेशंट?"

"तेच तर सांगायलेय. काल शेवटच्या खाटेवरचे आजोबा दुपारपर्यंत ओल्यात पडून होते. त्यांच्याकडे गेले तर मग तिथून उठवेना. सगळ्यांची जेवणं गार झाली." तिचे डोळे भरून आले. "मी वाईट नर्स नव्हते मॅडम. दगड झाले होते म्हणत होते लोक, पण आख्ख्या वॉर्डाला वेळेवर जेवायला घालत होते."

केतकीने कुपी घेतली. एस्तेर गेल्यावर इर्शाद म्हणाला, "म्हणजे शमक आहे म्हणून माणूस पहिल्या खाटेवरून उठतो."

"डोस कमी करून बघू," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता. कुपी शीतपेटीत ठेवायची होती, ती तिने पर्समध्ये टाकली. असं करायचं नसतं हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार! पण ती कुपी तिला स्वतःला हवी होती, आणि ती का हवी होती हे कळायला तिच्या घरी जायला हवं.

घरी आई होती. विस्मृतीच्या आजाराला नववं वर्ष लागलं होतं. आईच्या डोक्यातून एकेक करून सगळी नावं पुसली गेली: नवऱ्याचं, मुलाचं, गावाचं, देवाचं. उरलं फक्त एक, आणि ते ती दिवसभर हाकेसारखं घ्यायची. "केतकीऽऽ." केतकी समोर बसून भात भरवत असली तरी तोंडातला घास गिळून आई तिच्याकडे पाहत म्हणायची, "केतकीऽऽ." मदतीला येणाऱ्या बायका दोन-तीन महिन्यांत कान किटून निघून जायच्या. केतकी कुठे जाणार? हाक तिच्याच नावाची होती.

मध्ये एका रविवारी ती स्वयंपाकघरात चहा करत होती. बाहेर हाक चालूच होती. चहा झाला, तिने तो उभ्याउभ्याच प्यायला, कप विसळून ठेवला आणि बाहेर आली, तर आई खाटेवरून घसरून फरशीवर बसलेली. साडी भिजलेली, आणि तोंडाने तीच हाक. मोडलं काही नव्हतं. पण केतकीला हाक ऐकूच आली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे आईला उचलताना तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. पाठ दुखली, एवढंच जाणवलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या मनाने घेतली. आपलं आटलं. आईबद्दल आपल्याला आता काही वाटत नाही. शमकावर आयुष्य घालवलेल्या बाईला आपल्या डोक्यात काय झालं असेल हे सांगायला दुसऱ्याची गरज नव्हती.

जयसिंगपूरच्या एका आधारगृहात एक खाट रिकामी होणार होती. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं. आणि केतकीला ठरवता येत नव्हतं. आईला तिथे ठेवायचं ते आईच्या भल्यासाठी की आपल्याला नकोशी झाली म्हणून? ज्याला काही वाटत नाही त्याने असला निर्णय घ्यायचाच कसा?

धाकटा भाऊ सम्मेद बंगळूरला होता. तो वर्षातून दोनदा यायचा. दारातच "आई गं" म्हणून गळा काढायचा आणि आईचे पाय चेपत तासभर मुसमुसत बसायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगा काय मायेचा आहे! कोरड्या डोळ्यांनी त्याच्यासाठी पोहे घेऊन येणाऱ्या केतकीबद्दल त्या काही म्हणायच्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. यातलं शास्त्र केतकीला ठाऊक होतं. सहा महिने हाक न ऐकलेल्या माणसाचे ग्राही पुन्हा भिंतीवर येऊन बसलेले असतात. सम्मेदचं रडणं खोटं नव्हतं. ते ताजं होतं.

आधारगृहाचं नाव काढल्यावर तो फोनवर म्हणाला, "अक्का, तू आईला तिथं टाकणार? तुला काहीच वाटत नाही?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून ती कुपी. तिने मनाशी करार केला. थेंब टाकायचे. ग्राही भिंतीवर परत आले, आईची हाक पुन्हा काळजाला लागली, तर आई घरीच राहील, काय व्हायचं ते होवो. आणि औषधानेही काही हललं नाही, तर आपल्यात हलण्यासारखं काही उरलंच नाही, असं समजून जयसिंगपूरला होकार कळवायचा. निदान आईला पगारी का होईना, पण जिवंत माणसांचा हात लागेल.

थेंब सुरू करण्याआधी तिने स्वतःच्या नाकातून काडी फिरवून नमुना घेतला आणि नाव न घालता नुसता क्रमांक टाकून इतर बायकांच्या नमुन्यांत ठेवून दिला. चोरी करतानाही तिचा हात नियमाप्रमाणेच चालला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. सकाळी आईला उठवायचं, दात नसलेल्या तोंडात फडकं फिरवायचं, "केतकीऽऽ" ऐकत तिची वेणी घालायची, बाई आली की संस्थेत जायचं, परत येऊन तेच. वेणी घालताना ती स्वतःच्या छातीवर पहारा ठेवायची. येतंय का काही? दाटतंय का? काही दाटत नव्हतं. अंग जड, डोळे जड, आणि एक मुका ठणका, जो गेली कित्येक वर्षं होताच. एकदा तर ती मुद्दाम आईच्या पुढ्यात बसली आणि आईचा हात आपल्या गालाला लावून वाट पाहिली. बस येईल म्हणून थांब्यावर उभं राहावं तशी. आई म्हणाली, "केतकीऽऽ." बस काही आली नाही.

कुपी संपल्यावर तिने दुसरा नमुना घेऊन त्याच क्रमांकाने ठेवला. दोन दिवसांनी यंत्राने वजाबाकी केली. त्या क्रमांकासमोर आकडा आला. फरक शून्य.

तिने प्रयोगशाळेतूनच जयसिंगपूरला फोन लावला आणि म्हणाली, "खाट ठेवा आमच्यासाठी." पलीकडच्या बाई "बरं झालं, सुटलात तुम्ही" असं काहीतरी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर केतकीला स्वतःची किळस आली. ती किळस एवढी स्वच्छ आणि तीव्र होती, की काही न वाटणाऱ्या माणसाला एवढं कसं वाटतं, हा प्रश्न तिला खरं तर तेव्हाच पडायला हवा होता. पण दमलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी इर्शादने तिला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक घोळ आहे. नाडगौडांना अहवालात शून्यवाल्यांचं कारण लिहून द्यायचं होतं. म्हटलं, औषध पोचलंच नाही हे एका नमुन्यात मोजून दाखवावं म्हणजे मिटलं. शेवटचा शून्य आलेला नमुना घेतला. औषध पोचलंय."

"किती?"

"पुरेपूर. त्या बाईंच्या पेशींत शमकाचे हात पार बांधलेले आहेत. सर्दी नाही, काही नाही. औषध पोचलं, शमक बंद पडलं, आणि तरी फरक शून्य. हे कसं होईल? म्हणून मी चित्र उघडलं."

त्याने पडदा लावला. उजवीकडे औषधानंतरच्या पेशी. हिरवीगार कड, मध्ये काही नाही. केतकीने मान हलवली. औषध पोचलं असेल तर असंच दिसणार. मग त्याने डावीकडचं चित्र आणलं, औषधाआधीचं.

तीच हिरवीगार कड. मध्ये काही नाही.

केतकी उठून पडद्याजवळ गेली. "हे आधीचं? नमुन्यांची अदलाबदल झाली असेल."

"तीनदा तपासलं. आधीचंच आहे. मॅडम, आपण फक्त फरक बघत आलो. फरक शून्य दोन रीतींनी येतो ना? आधीही काही नाही आणि नंतरही काही नाही, ही एक. आणि आधीही भरलेलं, नंतरही भरलेलं, ही दुसरी. आपण धरून चाललो पहिली." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "या बाईंचं शमक औषधाआधीसुद्धा काम करत नव्हतं. जन्मापासूनच दुबळं असेल. यांची घंटा कुणी कधी काढलीच नाही. आपलं औषध काय करणार? जी घंटा दारावर आहेच, ती दारावर परत कशी लावणार?"

"पण या बाई सांगतात की त्यांना काही वाटत नाही. ते विचारूनच आपण निवडतो."

"तेच मला कळेना. खोटं सांगतात?"

केतकी खुर्चीत बसली. तिची नजर त्या हिरव्या कडेवरच होती. "खोटं नाही," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं ज्या घरात घंटा वाजतेच आहे, त्या घरातल्या माणसाला विचारलंस, तर तोही म्हणेल मला काही ऐकू येत नाही. निरोप आत पोचत होता, इर्शाद. रोज पोचत होता. उठायला आत माणूस शिल्लक नव्हतं."

इर्शादने तिच्याकडे पाहिलं नाही. पडदा विझवता विझवता तो म्हणाला, "क्रमांक कुणाचा ते मी विचारत नाही. आईंना कसं आहे?"

"तसंच," केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

त्या दिवशी त्यांनी शून्य फरकाची राहिलेली सगळी चित्रं उघडली. प्रत्येक बाईची कड हिरवी होती, औषधाआधीपासून. त्यातली एक पक्षाघात झालेल्या नवऱ्याला सांभाळून वॉर्डात नोकरी करणारी होती. एक रजा न घेणारी म्हणून बक्षीस मिळालेली. सगळ्यांनी एकाच थकल्या सुरात सांगितलं होतं, आता काही वाटत नाही हो.

नाडगौडांना फोन केला तेव्हा ते चिडले. "म्हणजे ज्यांना औषध लागतं त्यांचं काम खोळंबतं, आणि ज्यांचं काम चालू आहे त्यांना ते लागतच नाही?"

"हो. पण ते परीक्षा म्हणून उपयोगी आहे. दोन्ही तऱ्हेची माणसं बाहेरून सारखीच दिसतात, डॉक्टर. आतूनही सारखंच वाटतं त्यांना. थेंब टाकून दोन आठवडे बघायचं. जिला फरक पडला, तिचं शमक चांगलं आहे, तिला थेंब बंद करून कामावर ठेवा, ती टिकेल. जिला फरक पडला नाही, तिला आधी घरी पाठवा. झोपू द्या."

"मी तुमच्याकडे औषध मागितलं होतं बाई," नाडगौडा म्हणाले, "तुम्ही माझ्या हातात रजेचा अर्ज देताय."

केतकी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पण फोन ठेवला आणि आपणच बोललेलं वाक्य आता आपल्या अंगावर येणार, हे तिच्या लक्षात आलं. तिने मनाशी केलेला करार उलटा होता. वाटत असेल तर आईला घरी ठेवायचं, वाटत नसेल तर पाठवायचं, असं तिने ठरवलं होतं. शास्त्र नेमकं उलट सांगत होतं. ज्याचं शमक शाबूत आहे तो माणूस आईला घरी ठेवू शकतो, दहा वर्षं, वीस वर्षं. भरवेल, पुसेल आणि निवांत चहा पिईल. जयसिंगपूरच्या बायका तशाच होत्या, म्हणून तर त्या पाळी संपली की घरी जाऊन गाढ झोपत असणार. केतकीला ते जमणार नव्हतं. आईला पाठवायचं होतं ते तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं म्हणून नव्हे, तर वाटणं एक दिवसही कमी झालं नव्हतं म्हणून. अशी हाक आणखी वर्षभर ऐकली असती तर पुढच्या वेळी आई पडली असती तेव्हा तिला उचलायला घरात कुणी नसतं.

आईला नेण्याच्या दिवशी सम्मेद आला. दारात येताच त्याने गळा काढला, सामान भरताना रडला, आईला गाडीत बसवताना तर त्याला हुंदका आवरेना. आधारगृहाच्या बाईंनी त्यालाच खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कागदांवर सह्या केतकीने केल्या. आईला कुठलं दूध चालतं, वेणी कशी घालायची, उजव्या कुशीवर का झोपवायचं नाही, हे सगळं तिने कोरड्या आवाजात सांगितलं. बाई तिच्याकडे जरा थंडपणेच पाहत होत्या. केतकीला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं असेलच, पण कुठे ते शोधायची ताकद नव्हती.

निघताना आई म्हणाली, "केतकीऽऽ." तिथल्या एका तरुण मदतनीस बाईने हसून "आले हां आजी" म्हटलं आणि तिची चादर सारखी केली. आईला तेवढं पुरलं.

परतीच्या वाटेवर सम्मेद गाडी चालवत होता. "अक्का, मला एक सांग," तो म्हणाला, "तुला रडू कसं येत नाही?" तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शमक, ग्राही, हिरवी कड, कुठून सुरुवात करावी याचा विचार करता करताच तिचे डोळे मिटले. घर येईपर्यंत ती झोपली होती. रस्त्यावरचा एकही खड्डा तिला जाणवला नाही.

गाडी घरासमोर थांबली तेव्हा ती जागी झाली. इंजिन बंद होतं. दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं होतं. सम्मेद स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे पाहत बसला होता आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे डोळे कोरडे होते.

"काय रे?"

"तू झोपेत ओ देत होतीस."

"कुणाला?"

"तेच बघत होतो. आधी वाटलं, स्वप्न असेल. पण थोड्या थोड्या वेळाने, सारखं. ओ. आले. ओ. आले गं." त्याने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "अक्का, गाडीत कुणीच हाक मारत नव्हतं."

केतकीने पट्टा सोडला, पर्स उचलली. गेटचं कुलूप काढायचं होतं, ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली.

"होईल हळूहळू कमी," ती भावाला म्हणाली, कारण त्याला काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कधीच कमी होणार नाही हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं.